तांब्याच्या तारेपासून काचेच्या धाग्यापर्यंत

(गणेशोत्सवात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



कार्यवाहांनी मला विषय दिला, 'घरी नवीन ब्रॉडबँड घेताना'. मी म्हटलं, अहो, गणपतीत लोक संतवाङ्मयावर बोलतात, आरोग्यावर बोलतात, हा कसला विषय? ते म्हणाले, "काका, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण आपल्या निम्म्या सभासदांच्या दारात कंपन्यांची मुलं उभी आहेत. जुनी तार काढतो, नवी टाकतो म्हणतात. मग जो तो तुम्हालाच फोन करून विचारतो. त्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगून टाका."

तेव्हा सांगून टाकतो. आधीच कबूल करतो की मी इथे जाणकार म्हणून कमी आणि ठेच लागलेला म्हणून जास्त उभा आहे.

आपल्या जबलपूरला मराठी माणसं आली ती बहुतेक नोकरीच्या निमित्तानं. कुणी तोफखान्याच्या कारखान्यात, कुणी रेल्वेत, कुणी शाळा-कॉलेजात. मी आलो तार-टपाल खात्यात. १९७६ साली रुजू झालो, तेव्हा टपाल आणि टेलिफोन एकच खातं होतं. पुढे १९८५मध्ये दूरसंचार विभाग वेगळा झाला, १ ऑक्टोबर २०००ला त्याचा निगम झाला आणि २०११मध्ये मी निवृत्त झालो. पस्तीस वर्षांत खुर्ची बदलली, पाटी बदलली, पण तार तीच राहिली. तांब्याची, दोन पदरी.

या तारेची एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. आपल्या जुन्या फोनला घरात विजेचं कनेक्शन कधीच लागलं नाही. कधी विचार केलात, का? कारण त्या दोन पदरांतून नुसता आवाज येत नव्हता, वीजही येत होती. एक्स्चेंजच्या तळमजल्यावर बॅटरी रूम असायची. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल एकापुढे एक जोडलेले, म्हणजे अठ्ठेचाळीस व्होल्ट. हे अठ्ठेचाळीस व्होल्ट शहरातल्या प्रत्येक घरातल्या फोनपर्यंत चोवीस तास पोचलेले असत. शहराची वीज गेली तर बॅटऱ्या चालत, बॅटऱ्या उतरायला लागल्या तर डिझेलचं जनरेटर सुरू व्हायचं. नोकरीच्या सुरुवातीला माझं काम तेच होतं. सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हायड्रोमीटरनं आम्लाची घनता बघायची आणि वहीत नोंद करायची. आम्लाच्या वासानं डोळे चुरचुरायचे, शर्टाला भोकं पडायची. आमची सौ. म्हणायची, नवरा टेलिफोन खात्यात आहे की पतंगाच्या मांज्याच्या कारखान्यात!

त्या बॅटऱ्यांचं मोल मला २२ मे १९९७च्या पहाटे कळलं. भूकंपाची ती पहाट इथल्या कोणालाही विसरता येणार नाही. साडेचारच्या सुमाराला जमीन हलली, आम्ही मुलांना उचलून अंगणात पळालो. गल्लीत काळोख होता. थोड्या वेळानं धीर करून आत गेलो आणि सवयीनं रिसीव्हर उचलला. टोन येत होता! नेपियर टाऊनमधल्या बहिणीला फोन लागला, तिचा "आम्ही ठीक आहोत" एवढाच आवाज आला, आणि माझे पाय थरथरायचे थांबले. वीज नव्हती, पण फोन होता. या गोष्टीचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. पुढे काय झालं ते सांगतो, तेव्हा ही पहाट लक्षात ठेवा.

आता इंटरनेटकडे येऊ. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ते याच तांब्याच्या तारेवरून यायचं. मोडेम आधी किंचाळायचा, मग घरघरायचा, आणि इंटरनेट चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज. मुलगा नेटवर बसला की त्याच्या मावशीचा फोन लागायचा नाही आणि घरात महाभारत व्हायचं.

मग ऑक्टोबर २००४मध्ये सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं आणि जानेवारी २००५पासून टेलिफोनच्याच तारेवर ब्रॉडबँड मिळू लागलं. युक्ती मोठी सुरेख होती. माणसाच्या बोलण्याला तारेतला अगदी खालचा पट्टा पुरतो, चार हजार कंपनांच्या आतला. त्याच्या वरचा सगळा पट्टा रिकामा पडलेला होता. तिथे इंटरनेट बसवलं. घरात स्प्लिटर नावाची लहानशी डबी आली, तिनं आवाज एकीकडे आणि इंटरनेट दुसरीकडे वाटून दिलं. एकाच रस्त्यावर खालून बैलगाडी आणि वरून मोटार! फोनही चालू, नेटही चालू.

त्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या होती सेकंदाला किमान २५६ किलोबिट. २०१३मध्ये ती ५१२ झाली आणि जानेवारी २०२३मध्ये दोन मेगाबिट. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांत किमान पायरी आठपट वर गेली. तांब्याला ही शर्यत झेपणारी नव्हती. घर एक्स्चेंजपासून जितकं लांब तितका वेग कमी. गढ्याकडे किंवा रांझीकडे राहणारे सभासद मला म्हणायचे, "साहेब, पैसे सारखेच भरतो, मग आमचंच नेट बैलगाडीसारखं का?" मी काय उत्तर देणार? पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरायचं, फोन खरखरायचा, नेट तुटायचं. रस्ता खोदणाऱ्यांनी केबल कापायची आणि तांबं चोरणाऱ्यांनी उरलेली न्यायची. तेव्हा मंडळी, नव्या तारेवर जायचं की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. जायचंच आहे. प्रश्न आहे कसं जायचं.

ही नवी तार म्हणजे काचेचा धागा. आवरणासकट काच साधारण आपल्या केसाएवढी जाड. प्रकाश प्रत्यक्ष जातो तो गाभा केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका. इतक्या शुद्ध काचेतून प्रकाश लांबवर नेता येईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६मध्ये मांडलं आणि त्यासाठी २००९मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या शास्त्राला 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ करणारे नरिंदर सिंग कपानी हे आपल्या पंजाबातल्या मोग्याचे, हेही मुलांना सांगा.

एक्स्चेंजमधल्या किंवा कंपनीच्या केंद्रातल्या यंत्रातून एक धागा निघतो. वाटेत खांबावर जेवणाच्या डब्याएवढी पेटी असते, तिच्यात त्या एका प्रकाशाचे बत्तीस किंवा चौसष्ट भाग होतात आणि एकेक भाग एकेका घरी जातो. केंद्रापासून वीस किलोमीटरपर्यंत हे चालतं, आणि घर जवळ की लांब यानं वेगात तांब्यासारखा फरक पडत नाही. खांबावरच्या त्या पेटीला वीज लागत नाही. घरात भिंतीवर एक पांढरा किंवा काळा डबा बसवतात. कंपनीची माणसं त्याला ओएनटी म्हणतात, आपण मोडेम म्हणतो. तो प्रकाशाचं पुन्हा विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. त्यातूनच वाय-फाय निघतं आणि त्यालाच आपला लँडलाइन फोन जोडतात.

आता मुद्द्याची गोष्ट. काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. काच वीज वाहूच शकत नाही. एक्स्चेंजच्या बॅटऱ्या कितीही भरलेल्या असोत, त्यांचा तुमच्या घरातल्या फोनला आता काही उपयोग नाही. तो डबा तुमच्या घरच्या विजेवर चालतो. घरातली वीज गेली की डबा बंद. डबा बंद की वाय-फाय बंद, आणि त्याला जोडलेला फोनही बंद.

हे वाक्य आज मी तुम्हाला सहज सांगितलं. मला स्वतःला ते कळायला एक रात्र जावी लागली.

२०२२च्या दिवाळीत मी घरी फायबर घेतलं. नात बंगळूरला, तिचा चेहरा स्क्रीनवर थिजायचा, म्हणून घाई झाली होती. दोन मुलं आली, तासाभरात खिडकीच्या चौकटीला भोक पाडून काम संपवलं. मी विचारलं, लँडलाइनचं काय? "अंकल, सब इसी डिब्बे से चलेगा." मला आनंद झाला. पुढच्याच आठवड्यात जाऊन जुनं कनेक्शन बंद केलं, डिपॉझिट परत घेतलं आणि दोन बिलं वाचवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटली.

जुलै २०२३. रात्री दीडचा सुमार, धुवाधार पाऊस, वीज गेलेली. सौ.ला अचानक घाम फुटला, छातीत दडपण आलं. घरात इन्व्हर्टर होता, दिवे-पंखे चालू होते. तिचा मोबाइल उतरलेला. माझा चालू होता, पण आमचं घर जुन्या बांधणीचं, भिंती दीड फुटाच्या. आत रेंज कधीच येत नव्हती, वर्षभर सगळे कॉल वाय-फायवरून लागत होते. आणि वाय-फायचा डबा होता टीव्हीच्या मागे. त्या पॉइंटला इन्व्हर्टर जोडलेलाच नव्हता. मी धावत जाऊन लँडलाइनचा रिसीव्हर उचलला. सत्तेचाळीस वर्षांची सवय आहे ती. कानाला लावला.

काही नाही. टोन नाही, खरखरही नाही. नुसती शांतता.

मी छत्री न घेता रस्त्यावर गेलो. रेंजची एक काडी येत होती, जात होती. कॉल लागेना. शेवटी समोरच्या घराचं फाटक बडवलं. तिथला मुलगा गंजीफ्रॉकवरच बाहेर आला, "काका, चाबी लाता हूँ" म्हणाला आणि पंधरा मिनिटांत त्यानं आम्हाला दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. सौ. आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. माझी गोष्ट सांगू नका अशी तिची सक्त ताकीद होती. ताकीद मोडल्याबद्दल घरी गेल्यावर काय ते होईल.

हॉस्पिटलच्या बाकावर पहाटेपर्यंत मी एकच विचार करत होतो. घरात तीन फोन होते. पण तिघांचे पाय एकाच डब्यात होते आणि डब्याची दोरी एका प्लगला. ज्यानं तरुणपणी बॅटरीत पाणी घालून गावाचे फोन जागे ठेवले, त्याला स्वतःच्या घरच्या फोनला वीज कुठून मिळते हे विचारायचं सुचलं नाही. कंपनीचं नाव मी घेणार नाही. त्या मुलानं सांगितलं नाही हे खरं, पण मीही विचारलं नाही. आणि कनेक्शन घेण्याची घाई माझी होती, कंपनीची नव्हती.

तेव्हा आता माझ्या चुकीतून तुम्ही काय घ्यायचं, ते क्रमानं सांगतो.

पहिली गोष्ट, डब्याला वीज. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावून डब्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा. अर्ध्या तासाचं काम आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा. घेताना डब्याच्या अॅडाप्टरवर काय लिहिलंय ते वाचा. समजा १२ व्होल्ट, १ अँपिअर असेल, तर ते झाले बारा वॅट. तीन तास चालवायचा तर छत्तीस वॅट-तास साठवणारा यूपीएस लागेल. दुकानदार नुसतं "बहुत चलेगा" म्हणाला तर हा हिशेब त्याला विचारा. काही घरांत कंपनीचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतात. तिथे दोघांनाही वीज हवी, एकालाच देऊन भागत नाही. आणि बॅटरी ही म्हातारी होणारी वस्तू आहे, आपल्यासारखीच. दोन-तीन वर्षांत तिचा दम कमी होतो. दर गणपतीला एकदा तपासा, म्हणजे लक्षात राहील.

दुसरी गोष्ट, तार कोणती ते विचारा. फायबर म्हणून विकलेलं प्रत्येक कनेक्शन घरापर्यंत फायबर नसतं. काही इमारतींत फायबर जिन्याखालच्या पेटीपर्यंत येतं आणि तिथून साधी लॅन केबल घरात येते. त्या पेटीतल्या यंत्रालाही वीज लागते. तुमच्या घरी यूपीएस आहे, पण जिन्यातली पेटी बंद, तर तुमचा यूपीएस काय करील? सोसायटीच्या बैठकीत हा विषय काढा. सध्या हवेतून येणारं ब्रॉडबँडही मिळतं, गच्चीवर किंवा खिडकीबाहेर यंत्र लावतात आणि ते फाइव्ह-जीच्या टॉवरशी बोलतं. अशी एक मोठी सेवा १९ सप्टेंबर २०२३ला, नेमकी गणेश चतुर्थीला सुरू झाली. जिथे फायबर पोचत नाही तिथे ते चांगलं आहे. पण वीज त्यालाही लागते.

तिसरी गोष्ट, जुनं लगेच तोडू नका. नवं कनेक्शन निदान महिनाभर चालू द्या, जमलं तर एक पावसाळी रात्र बघा. दोन बिलं पडतील, पडू देत. बंद करताना अर्जाची पोच घ्या, मोडेम परत केल्याची पावती घ्या, शेवटचं बिल आणि डिपॉझिट यांचा हिशेब लेखी घ्या.

चौथी गोष्ट, नंबर. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११पासून देशभर आहे. लँडलाइनचा नंबर तसा दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. त्याच कंपनीत तांब्यावरून काचेवर जात असाल तर तोच नंबर राहील का, हे आधी विचारा. बँक, पेन्शन, विमा, गॅस यांच्याकडे कोणता नंबर दिला आहे त्याची यादी करा. कंपनीनं दिलेला ई-मेल पत्ता वापरत असाल तर कनेक्शनबरोबर तोही जाऊ शकतो. आधी दुसरा पत्ता घ्या, मग जुना सोडा.

बाकीचं थोडक्यात. काचेची तार टोकदार कोनात वाकवू नका, खिळ्याला गुंडाळू नका. सुटलेल्या टोकाला डोळा लावू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण असतो. डब्यावर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला तर बाहेरून प्रकाश येत नाही असं समजा. डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, तक्रार करा. तक्रारीचा नंबर जरूर लिहून घ्या. २०१२च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार केंद्र आणि त्यावर अपील ऐकणारा अधिकारी ठेवावा लागतो. नंबर नसेल तर अपील कशावर करणार? वाय-फायचा पासवर्ड मुलं बसवून जातात, तो बदला. आणि शंभर मेगाबिट म्हणजे शंभर मेगाबाइट नव्हे. आठानं भागा, साडेबारा उरतात. फसवणूक नाही ती, फक्त माप वेगळं आहे.

हे सगळं कुणाच्या लक्षात राहणार नाही, मला माहीत आहे. आरतीनंतर प्रसाद घेतला की निम्मं विसराल. म्हणून एकच गोष्ट सांगतो, ती तेवढी करा. आज किंवा उद्या घरी गेल्यावर मीटरजवळचा मेन स्विच दोन मिनिटं बंद करा. मग घराच्या अगदी आतल्या खोलीत जा, जिथे तुम्ही रात्री झोपता तिथे, आणि मुलाला किंवा लेकीला फोन लावून बघा. लागला तर तुमची व्यवस्था ठीक आहे. नाही लागला तर काय करायचं ते आत्ताच सांगितलं आहे. इंजिनिअर लागत नाही या परीक्षेला. ही परीक्षा दिवसा, घरचे जवळ असताना घ्या. रात्री दीड वाजता घ्यायला लागू नये.

आणि शेवटी मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या सभासदांत एकटे किंवा दोघंच राहणारे ज्येष्ठ किती आहेत, याची यादी कार्यालयात आहे, कारण वर्गणीला तुम्ही त्यांच्या घरी जाताच. विसर्जनानंतरच्या एका रविवारी दोघा-दोघांच्या जोड्या करून पुन्हा त्यांच्याकडे जा. मेन स्विच बंद करून फोन लावून बघा, डब्याचा प्लग कुठे आहे ते बघा, आणि शेजारच्या एका घराचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा. त्या रात्री तार उपयोगी पडली नाही, मोबाइल उपयोगी पडला नाही, समोरचं फाटक उपयोगी पडलं. ते फाटक माहीत असणं हेही एक कनेक्शनच आहे आणि त्याला वीज लागत नाही.

माझी नात आता रोज संध्याकाळी स्क्रीनवर येते, काल इथली आरती तिनं बंगळूरहून बघितली. चेहरा थिजत नाही, आवाज तुटत नाही. नवी तार चांगलीच आहे, ती जरूर घ्या. फक्त तिच्या पायाखाली एक बॅटरी ठेवा.



गणपती बाप्पा मोरया!